आंबेवेढ्याच्या भांडी-बँकेचे कुलूप

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, आंबेवेढे,
जि. नाशिक

विषय : समाजमंदिरातील भांडी-बँकेच्या खोलीचे कुलूप उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. अर्जदार पल्लवी पुंजाराम गांगुर्डे ही पिंपळगाव बसवंत येथे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामास आहे. गावातल्या लग्नाबारशांत प्लास्टिकची ताटे-पेले वापरून ओढ्यात फेकले जात. ते थांबावे म्हणून तिने व किशोर, चंदर इत्यादी तरुणांनी स्टीलची भांडी जमवली व पंचायतीकडून समाजमंदिरातील एक खोली मागून घेऊन तिथे ठेवली. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यावीत व घासून परत आणावीत, एवढाच नियम. पहिल्या लग्नात घासायला कोणी पुढे येईना, तेव्हा अर्जदाराच्या आई वत्सलाबाई पदर खोचून बसल्या. "पोरांनी चांगलं काढलंय, नावं काय ठेवता? बसा इथं," म्हणाल्या. बायका बसल्या. त्यानंतर ओढ्यात ताटे दिसली नाहीत.

२. भांडी-बँकेतील स्टीलची ताटे माजी सरपंचांनी दिली असून रिवाजाप्रमाणे त्यांवर त्यांचे नाव कोरलेले आहे. विधानसभेच्या आचारसंहितेत गावातले नावांचे फलक कागदाने झाकले गेले. ताटांवरचे नाव झाकता येईना, म्हणून खोलीला कुलूप लागले. आचारसंहिता उठली, फलकांवरचे कागद निघाले, कुलूप राहिले. शिपाई वाळू यांनी सांगितले, "चावी आधीच्या साहेबांकडं हाय, अन् त्यांची झाली बदली." आधीच्या साहेबांनी फोनवर सांगितले की, चावी वाळूकडे आहे.

३. जानेवारीत वत्सलाबाई वारल्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी अर्जदार कार्यालयात आली असता आपण म्हणालात, "ताई, तुमचं दुःख समजतं. पण कुलूप लावल्याची नोंदच नाही. न लावलेलं कुलूप उघडू कसं?" अर्जदार बरं म्हणून निघाली. बाहेर किशोर पहार घेऊन उभा होता. "तोडू का, ताई?" त्याने विचारले. खोली मागून घेतली होती, ती कुलूप तोडून उघडायला नको, असे तिने सांगितले.

४. दहाव्याला माणसे प्लास्टिकच्या ताटांत जेवली. संध्याकाळी ती ताटे ओढ्याकाठी वाऱ्याने फिरत होती. अर्जदार उचलायला गेली नाही. ओट्यावर बसून बघत राहिली. रडू आले नाही, रागही आला नाही. शीतगृहातून बाहेर आल्यावर बोटांना काही लागत नाही, तसे तिचे अद्याप चालू आहे. कामावर नियमित जाते. हा अर्जही चंदरने आठवण करून दिली म्हणून लिहिला आहे.

५. येत्या रविवारी शेजारच्या नवसाबाईंच्या मुलीचे लग्न आहे. भांड्यांचे काय, हे विचारायला त्या आल्या आणि अर्जदाराकडे बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तू नको काही करू. आम्ही बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रिकेवर खाली छापून घेतले की, येताना आपापले ताट-वाटी आणावी. गावात यावर हसे झाले. परंतु बायका ताटांवर आपली नावे तपासून ठेवू लागल्या आहेत, असे समजते.

तरी खोली रविवारपूर्वी उघडावी, ही विनंती. तसे शक्य नसल्यास लग्नास अवश्य यावे. आपल्यालाही पत्रिका आहे. ताट आणायचे राहिल्यास काळजी नसावी. अर्जदाराच्या घरी आता एक ताट जास्तीचे आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
पल्लवी पुंजाराम गांगुर्डे
आंबेवेढे, दि. ३ मार्च २०२५