गळून पडलेला ‘बहुधा’

तीर्थस्वरूप मामा,

भाचीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रयोगशाळेच्या फरशीवर आत्ताच जंतुनाशक ओतलंय). मामींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका. आणि तुम्हीही शेजाऱ्यांना आलेल्या निमंत्रणपत्रिका लाल शाईने दुरुस्त करून परत देऊ नका. निवृत्त मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो हे मला कळतं, शेजाऱ्यांना कळत नाही.

‘तू तिथे नक्की करतेस तरी काय?’ असं मागच्या पत्रात विचारलंत. मामा, तुम्ही चाळीस वर्षं केलंत तेच. तुम्ही हस्तलिखित आणि छापलेला मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचात, मी प्रथिनं ताडून पाहते. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. प्रत्येक मण्याला एक अक्षर दिलं, की तिची चारपाचशे अक्षरांची ओळ होते. आमच्याकडे मातीतला एक जिवाणू आहे. धान्याला मोड आले की जी साखर तयार होते, ती तो आवडीने खातो. पण आत घेतो कुठल्या दाराने? ते दार म्हणजे एक प्रथिन, आणि ते घडवण्याची कृती म्हणजे जनुक. त्याच्या चार हजार जनुकांतून (एवढ्याशा देहाला इतका संसार कशाला, कोण जाणे) मला नेमकं ते हुडकायचं होतं. रीत अशी, की जगभरच्या प्रथिनांच्या नोंदी संगणकावर असतात, त्यांत आपली ओळ टाकायची. जिच्याशी ती जुळेल, तिचं काम तेच हिचं काम असं धरायचं.

दोन महिन्यांपूर्वी एका जनुकाच्या ओळीची शंभरात अठ्ठ्याण्णव अक्षरं जुळली. समोर नोंद होती, ‘साखरवाहक’. मी खुर्चीतून उठून ओरडलेच. आमच्या मोठ्या बाई (प्रयोगशाळेच्या प्रमुख, हसल्या तर तारीख लिहून ठेवावी अशा) चक्क हसल्या, आणि त्यांनी हा शोध वार्षिक सभेच्या कार्यक्रमात घालून टाकला. आता फक्त खातरजमा उरली होती. ते जनुक जिवाणूतून काढलं आणि जिवाणूला त्या साखरेच्या लाल पाण्यात सोडलं. साखर खाल्ली तर पाणी पिवळं होतं. दारच नाही म्हटल्यावर ते लाल राहायला हवं. सकाळी येऊन बघते तर हळदीसारखं पिवळंधमक! गडी उपाशी राहणं दूरच, चांगला बाळसं धरून बसला होता.

माझ्या शेजारी चिमटा बसतो (दुसऱ्याच्या कामातली चूक नेमकी उचलतो म्हणून हे नाव). तो म्हणाला, “ही नोंद केली कुणी, ते बघितलंस का?” नव्हतं बघितलं. बघितलं. ती नोंद दुसऱ्या एका नोंदीवरून उतरवलेली, ती तिसरीवरून, आणि तिसरी दोन वर्षांपूर्वीची, याच जिवाणूच्या चुलतभावाची. ती करणारी व्यक्ती, मामा, मीच. शुक्रवारी दुपारी घरी पळायच्या घाईत मी लिहिलं होतं, ‘बहुधा साखरवाहक’. पहिल्याने उतरवताना ‘बहुधा’ गाळला, दुसऱ्याने तीच नोंद डोळे मिटून पुढे ढकलली, आणि माझाच अंदाज गावभर फिरून, शहाणा होऊन, मलाच शिकवायला परत आला.

सभा चार दिवसांवर. मी बाईंच्या दारात तीनदा जाऊन परतले (एकदा तर ‘पेन आहे का?’ विचारून, हातात पेन असताना). शेवटी सांगून टाकलं, “बाई, ते साखरवाहक नाही.”

“मग काय आहे?”

“माहीत नाही.”

“हे तरी नक्की ना?” म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “कार्यक्रमातून विषय काढायचा नाही. तूच उभी राहा आणि ‘बहुधा’ कुठे पडला ते सांग.”

सांगितलं. माझं बोलणं संपतंय न संपतंय, तेवढ्यात मागच्या रांगेतले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “तो गाळणारा पहिला मी.” मग दोघं-तिघं आपापल्या जुन्या नोंदी आठवून अस्वस्थ हलले. चहाच्या वेळी माझ्याभोवती इतकी गर्दी झाली, की बक्षीस मिळालं असतं तरी झाली नसती.

त्यानंतर मी आणि चिमट्याने ठरवलं, की ज्यांचं काम कुणीतरी खरंच हाताने तपासलंय, त्याच प्रथिनांशी ताडायचं. निघालं आमच्या जिवाणूतलं एक जनुक, शंभरात जेमतेम एकतीस अक्षरं जुळणारं. मी नाक मुरडलं. चिमटा म्हणाला, “किती जुळतात ते सोड, कुठे जुळतात ते बघ.” साखर जिथे धरली जाते, नेमकी तिथली अक्षरं तंतोतंत तीच! ते जनुक काढलं आणि पाणी तीन दिवस लालच्या लाल. दुसरी साखर दिली तर लगेच पिवळं, म्हणजे जीव ठणठणीत होता, फक्त हे दार बंद होतं. जनुक परत घातल्यावर पुन्हा खायला लागला. मामा, त्या लाल नळीकडे मी अर्धा तास नुसती बघत बसले होते. फार बरं वाटलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. ‘साखरेचं जनुक सापडलं’ असं मी आईला फोनवर सांगितलं, आणि तिने इमारतभर ‘मुलीने शुगरवर इलाज शोधला’ असं करून टाकलं. रविवारी गच्चीवर माझा सत्कार आहे. मी पाच वेळा समजावलं. ती म्हणते, ‘तुला मेलीला स्वतःचं कौतुक कधी सोसलंच नाही.’ ती फक्त मोठ्या भावाचं ऐकते. पत्र मिळताच फोन करा.

आणखी ता. क. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना शुगर आहे. गोळ्या बंद करू नका, हे मी स्वतः जाऊन सांगून आले, आणि त्यांनी ते मानलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सत्कारासाठी मला कोट शिवून पाठवला. सत्कार जरूर रद्द करा, मामा. कोटाचा विषय मात्र काढू नका. खांद्यात फार सुरेख बसलाय.