खडकावर उरलेला दगड

१२ एप्रिल १९५९
आजही आवाज आला. भर दुपारी, डोहाकडून. पानी उडवल्याचा, पोरायच्या खिदळण्याचा. अन् त्यात एक हसणं माह्या पोरीचं, सत्याचं!

डोहाले तर कुपाटी आहे. मागच्या उन्हाळ्यात सत्या त्यात बुडाली, अन् यायनं, तिच्या बापानं, त्याच आठवड्यात बाभळीचे काटे ओढून काठ बंद केला. तेव्हापासून गावातले पोरं धुळीत बसतात. मंग हसते कोण?

१३ एप्रिल
यायले सांगतलं. "भास होय तुले," म्हणाले. अन् अर्ध्या जेवणावरून उठले.

१५ एप्रिल
डोह बुजवायचं ठरलं. मुरमाच्या गाड्या येणार. पंचायतीत सगळ्यायच्या पुढे हेच बोलून राह्यले होते म्हणे. कोणी म्हणालं, पोरायले पोहायले दुसरी जागा नाही. तर हे उखडले — "पोरायले काय विचारता?"

बरं झालं. बुजू द्या मेल्याले! आवाज तरी थांबन.

१८ एप्रिल
शेवटी गेलीच मी. कुपाटीले खालून भोक, पोरगं सरपटत जाईल एवढं. काटे सारून आत शिरली, तर डोहात पोरं! जिवंत, ओली, नागडी-उघडी. मले पाहून गारठलीच. जशी काय मीच हडळ!

काठच्या खडकावर दगड ओळीनं मांडलेले. निजामुद्दीन शिंप्याची अकीला सत्याची जिवाची मैत्रीण. तीच पुढं होऊन बोलली. "पान्यात उतरतानी आपला दगड ठेवाचा, मावशी. निघालं का उचलाचा. दगड उरला म्हंजे कोनी तरी आत हाय."

पोरायनं आपली आपण केलेली रीत! आम्हा मोठ्यायले पत्ताच नाही.

सगळ्यायनं आपापले दगड उचलले. एक राह्यला. तांबूस, मधात पांढरी रेघ. मी हात लावते तर अकीला किंचाळली — "तो नोको! तो सत्याचा हाय. थे कुठं निघाली अजून?"

तिथंच बसली मी. पोटभर रडली.

१९ एप्रिल
डोह बुजू देणार नाही. माही पोरगी अजून आत आहे, असं त्या लेकरायले वाटते. मलेही वाटते.

पण दगड उरला होता, तर त्या दिवशी पोरं बोलली काहून नाही?

२० एप्रिल
अकीलाले घरी बोलावलं. गूळ दिला हातावर. विचारलं.

"सांगतलं होतं ना, मावशी! पयतच गेलतो. वाटेतच मोठं मानूस भेटलं. आमी म्हनलं, सत्याचा दगड उरला, चाला लवकर. तं म्हने, खोटं बोलता कारट्यायहो, दगडाचे खेळ सांगता मले! काडी घेऊन मांगं लागले आमच्या."

"कोण?"

मान खाली. गूळ तसाच मुठीत पाघळला. नावच घेईना. अंगणात यायच्या पावलायची चाहूल लागली, तशी मागच्या दारानं पळाली.

२१ एप्रिल
अकीलाले विचारूनच तो दगड घरी आणला. संध्याकाळी यायच्या ताटाजवळ ठेवला.

घास तोंडाशीच थांबला. हा दगड कायले ठेवला, हे विचारलंच नाही. मंग म्हणाले, "मले वाटलं, पोरं मस्करी करून राह्यले."