क्लीटसच्या डाव्या अंगाला

१४ जानेवारी

व्हिसा नाकारला!

चार ओळींचं पत्र. खाली सही नाही, नाव नाही. 'शिक्षण संपल्यावर अर्जदार आमचा देश सोडून जाईल, याची मला खात्री वाटत नाही.' कारणंही दिलीत — वय एक्कावन्न, विधवा, मुलगी कमावती. म्हणजे मला मागे खेचणारं काही उरलेलं नाही.

काही नाही? लग्न होऊन आले त्या दिवसापासून हे गाव मला खेचतंय! पाण्याला, चर्चच्या झाडलोटीला, भाऊबंदांच्या बैठकीत वाढायला, अनोळखी माणसांच्या मयताला रडायला. आणि या साहेबाला दोर दिसत नाही. चष्मा लाव म्हणावं.

एका वर्षाचं तर शिक्षण. रेडिओसाठी नाटकं लिहायचं. चोविसाव्या वर्षी असाच प्रवेश मिळाला होता. नवरा, क्लीटस, म्हणाला, पुढच्या वर्षी जा. त्याचं पुढचं वर्ष उजाडलं ते तो गेल्यावर!

देशाचं नाव इथे लिहीत नाही. सोम्तोने शपथ घातलीय. पोर्ट हारकोर्टहून फोनवर कुजबुजते, जसं काही आम्ही बँक लुटतोय — "मम्मी, व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. गावातल्या माणसांची नजर लागली की होत आलेलं काम अडतं." तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे माझी मुलगी.

पण लिहीतही नाही मी. उगाच कशाला.

१७ जानेवारी

ऑकाला जाऊन एजंटला भेटले. त्याचं नाव एकेने. दुकानाच्या पुढच्या बाजूला झेरॉक्स, मागच्या बाजूला परदेश. मला 'मम्मी' म्हणतो. फी मात्र आईकडून घ्यावी तशी घेत नाही.

"मम्मी, त्यांना परत खेचणारी वस्तू दाखवावी लागते. मिस्टर?"

"आहेत."

"पण फाइलमध्ये तर —"

"अंगणात आहेत. दारासमोर."

पोरगा जरा ओशाळला. "बँकेत काही?"

"मिस्टरांसारखंच. शांत पडलेलं."

"घर?"

"नवऱ्याने बांधलं. कागद सासऱ्यांच्या नावावर. सासरे देवाघरी."

त्याने तिथे फुली मारली. "जमीन तरी?"

"आहे ना. सहा फूट."

चेष्टेत म्हटलं मी. पण त्याचं पेन वरच्या वर थांबलं. "कुठे?"

क्लीटसच्या डाव्या अंगाला. त्याला इथल्या रिवाजाने अंगणातच मातीत ठेवला त्याच दिवशी भाऊबंदांनी जागा सोडली — ही आपल्या सूनबाईची. पांढऱ्या टाइल्सच्या शेजारी गवताचा तुकडा. मी तिथे मिरच्या लावते.

"मम्मी," एकेने म्हणाला, "याच्याहून पक्की वस्तू कुणाकडे असते?"

२० जानेवारी

बोनिफेस येऊन गेला. माझा धाकटा दीर. भिंतीपलीकडे घर, आणि डोळे भिंतीच्या अलीकडे. क्लीटसच्याच खुर्चीत बसतो.

"वहिनी, चेहरा उतरलाय तुमचा."

"धूळ आहे भाऊजी. जानेवारीचा वाळवंटी वारा."

मग नेहमीची टेप. माझ्या दारापुढची जागा रस्त्याला लागून आहे, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान काय झोकात चालेल. "तुम्ही काय, आज ना उद्या सोम्तोकडे जालच."

हेच ते. विधवेने बॅग भरून उंबरा ओलांडला की घर भाऊबंदांना परत गेलं, असं इथे धरतात. ती कुठे गेली आणि का, कोण विचारतो! वर्षभराने पदवी घेऊन यायचं आणि माझ्या स्वयंपाकघरात ब्रेकचे पट्टे टांगलेले बघायचे.

जाणार आहे मी. आणि घरही सोडणार नाही. दोन्ही! बघूच.

२ फेब्रुवारी

एकेनेचा फोन — "मम्मी, नुसता फोटो धाडला तर ते गवतच दिसतं. मिरच्यांसकट. तिथे खूण पाहिजे."

खूण तर खूण. ओनिचाच्या बाजारात गेले. पाटी कोरणारा म्हातारा, केसांत संगमरवराचा भुगा.

"नाव?"

"ओबिओमा." म्हणजे चांगल्या मनाची. मी बोलायला लागायच्या आतच बापाने नाव ठेवलं, त्याचा काय दोष!

"जन्म?" सांगितला.

"मरण?"

"अजून नाही."

"मग घाई काय आहे?"

"फोटो काढायचाय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळे पैसे आधीच मागितले.

९ फेब्रुवारी

पाटी बसली, गवतात आडवी. बसली म्हणजे — टेकली.

संडे नावाचा गवंडी मोटारसायकलवरून उतरला, पाटी वाचली, मला पाहिलं, परत पाटी वाचली. "बाई, जिवंत माणसाला मी बंद करत नाही."

"मला नको रे बंद करूस. माझ्या नावाला कर."

दोनदा छातीवर क्रूसाची खूण केली. सिमेंट असं पाणचट कालवलं की पेजच! चार फटके मारले आणि पळाला. थापी इथेच राहिलीय. बोलावलं तरी यायला तयार नाही.

ममा ओसरीवरून सगळं बघत होत्या, मांडीवर परात घेऊन बिया सोलत. त्र्याऐंशीच्या आहेत. क्लीटसची आई, बोनिफेसचीही. पण राहतात माझ्याकडे. बोनिफेसची बायको म्हणे रश्शातले तुकडे वाढताना उसासे टाकते.

"काय कोरलंय?" त्यांना वाचता येत नाही.

"माझं नाव."

"हं." दोन बिया सोलल्या. "कुठे चाललीस?"

मी संडेची थापी उचलून पुसायला लागले.

"महिनाभर माझ्याशी भांडली नाहीस. माणूस जायला निघाला की घरच्यांशी गोड वागतो. तुझा सासरा बिआफ्राच्या लढाईला निघाला तेव्हा आठवडाभर माझ्या रश्शाला नावं ठेवली नव्हती त्याने."

सांगितलं सगळं. देशाचं नावसुद्धा. सोम्तोला कळलं तर फोन ठेवून देईल.

"थंडी असते ना गं तिथे?" एवढंच विचारलं त्यांनी.

१६ फेब्रुवारी

भाऊबंदांची बैठक. विषय — मी!

बोनिफेसने तक्रार घातली होती. जिवंत बाईची कबर, गावाला अपशकुन, पाटी उखडा, शुद्धी करा, वहिनीला चार दिवस माहेरी पाठवा. चार दिवस! ते चार दिवस मला चांगले ठाऊक आहेत. गावातल्या एका विधवेचे अजून संपलेले नाहीत.

रिवाजाप्रमाणे कोलाची बी फोडली, ताडी फिरली. थोरले लिव्हिनस काका खाकरले. "सूनबाई, हे काय करून बसलीस?"

"काका, जागा तुम्हीच दिलीत. मी नाव घातलं. तुमच्या शेताच्या बांधाला दगड नाहीत?"

"शेताची गोष्ट निराळी."

"निराळी आहेच. शेत भावांत वाटता येतं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बोनिफेस उभा राहिला. "बघा! ही जीभ बघा! दादाच्या माघारी —"

"दादा असतानाही हीच होती भाऊजी. तेव्हा तुम्ही माझ्या हातचं जेवायला यायचात, म्हणून ऐकू येत नव्हती."

गोंगाट झाला. आणि त्यात ममा काठी टेकत उठल्या. बायका या बैठकीत बोलत नाहीत. पण त्यांना गप्प बस म्हणायची छाती कुणाची? अर्ध्यांची नाळ त्यांनी कापलीय.

"काढा ना पाटी," त्या म्हणाल्या. "कोण काढतोय? माझ्या माहेरी याची रीत आहे. कबरीवरचं जिवंत नाव जो उचलतो, जागा त्याची होते. आधी तो तिथे निजतो."

सगळे एकदम ताडीत डोकावले.

"बोनिफेस, तूच ये. तरणा आहेस. पहार आणू?"

बोनिफेसने खुर्ची मागे घेतली. देवाशपथ, घेतली!

निकाल असा: न विचारता पाटी लावली म्हणून मला एका बकऱ्याचा दंड. पाटी राहील. आणि पाटी आहे तोवर ही सून या घरचीच, गावात असो नसो. घराला कोणी हात लावायचा नाही. बकरा मीच रांधला. बोनिफेस दोनदा वाढून घेऊन गेला.

परतताना विचारलं, "ममा, खरंच तुमच्या माहेरी अशी रीत आहे?"

"आजपासून आहे."

२३ फेब्रुवारी

एकेनेने येऊन फोटो काढला. मी पाटीशेजारी उभी, रविवारच्या कपड्यांत, डोक्याला कडक रुमाल बांधून.

"हसू नका मम्मी. गंभीर कागद आहे."

"माझ्या कबरीवर मी नाही हसायचं तर कोणी?"

पत्रही मीच लिहिलं. 'महोदय, मी परत येईन. नवऱ्याशेजारी माझी जागा राखलेली आहे, सोबत फोटो. तिला माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. शिवाय माझे गुडघे दुखतात आणि तुमच्याकडची जमीन वर्षातून सहा महिने गोठलेली असते, तेव्हा तिथे मरायचा माझा मुळीच विचार नाही.'

एकेनेने गुडघे खोडले. मी परत घातले.

१२ मार्च

लागोस. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला. रात्रभर बस, मग ही रांग! रांगेत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे एकमेकांच्या नजरेला भितात. माझ्या पुढची बाई चक्क आमच्या गावच्या शाळेची हेडमास्तरीण निघाली. शाळेत सांगून आलीय, बहिणीचं ऑपरेशन आहे. मी सांगून आलेय, दाढ काढायचीय. दोघींनी एकमेकींना ओळखलंच नाही.

यंत्राला माझी बोटं वाचता येईनात. यंत्रावरची पोरगी म्हणते, "मम्मी, हात धुऊन या."

"बाळ, धुऊन धुऊनच ही वेळ आलीय."

चौथ्या खेपेला उमटली.

११ एप्रिल

काही नाही.

३ मे

काही नाही. बोनिफेस पाटीजवळून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातो. तेवढीच करमणूक.

३० मे

ममांनी नवीन खूळ काढलंय. दुपारची परात घेऊन माझ्या पाटीवर जाऊन बसतात. क्लीटसच्या टाइल्सना पाठ टेकून. त्याच्याशी बोलतातही — रताळी महाग झाली, बोनिफेस सुटलाय.

"उठा ममा, लोक काय म्हणतील!"

"गार आहे गं. इथे बरं वाटतं."

१९ जून

मिळाला! मिळाला, मिळाला, मिळाला!

एकेने दुकान उघडं टाकून मोटारसायकलवरून आला. सोम्तो फोनवर किंचाळली आणि मग कुजबुजली — "तरी अजून कुणाला सांगू नकोस." मी अंगणात नाचले. गुडघ्यांसकट. बोनिफेसने भिंतीवरून पाहिलं, पाहू दे!

दुपारी सगळं जरा शांत झाल्यावर ममांना कागद वाचून दाखवले. माझं पत्रही, फोटोही. त्यांना ऐकायचं होतं की एवढ्या मोठ्या साहेबाला कशाने पटलं.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "मरायला परत येईन असं लिहून दिलंस."

"तसंच काहीसं."

"आणि त्यांना ते पटलं."

"पटलं."

"हं."

परात बाजूला ठेवली. अर्ध्या बिया तशाच राहिल्या.

मला राग आला. त्यांचा नाही. संध्याकाळी पाटीपुढे जाऊन उभी राहिले. ओबिओमा, जन्मसाल, पुढे एक रेघ, आणि रेघेपुढे कोरा दगड. इतके महिने मी याला विनोद म्हणत होते. नाटकं लिहायला जाईन म्हटलं तेव्हा कोणाला खात्री नव्हती. पुरून घ्यायला येईन म्हटलं, लगेच शिक्का!

तरी जाणार.

२१ जून

पहाटे अंगणात ठकठक. धावले. पाटी गवतात उलथी पडलेली, संडेचं ते पेजेसारखं सिमेंट भुगा होऊन पसरलेलं, आणि ममा कुदळीवर रेलून धापा टाकतायत. भिंतीवरून बोनिफेस ओरडतोय, "ममा! हे काय केलंत! अहो, ती रीत —"

"रीत मला नको शिकवूस. माझीच आहे. माझी जागा झाली ही, आणि पाटी गेली तरी सून या घरचीच. आता बांध बघू आईच्या उरावर दुकान."

मग माझ्याकडे वळल्या. हाताला रक्त. "तुझी जागा गेली. आता येशील तेव्हा घरात यायचं."