साकवाची बातमी

लोणावळा, शनिवार, ऑगस्ट १९६६

अजून डोकं शांत होत नाही. अकरावीच्या मुलांना पत्रकाराचं काम कळावं म्हणून पुण्याच्या वर्तमानपत्रातले गृहस्थ मीच बोलावले. खरं तर बोलावले ते शेवंतासाठी. ती जवळच्या भाजे गावाहून येते, तिला बातमीदार व्हायचंय, आणि तिचे वडील धोंडिबा दिवाळीनंतर शाळा सोडवून तिचं लग्न उरकणार. मीच त्यांना म्हटलं होतं, एकदा ऐकून जा, मग ठरवा. बिचारे आले, मागच्या बाकावर बसले.

शेवंता उभी राहिली. "आमच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला, ते पेपरात का आलं न्हाई?"

"कोणी मेलं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग ती बातमी नाही, बाळ."

वर्ग हसला. कोणी मेलं का म्हणे! मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असं विचारणाऱ्या मुलीला जवळ घ्यायच्या. आणि मी? पाहुण्यांना हार घालून आभार मानत बसले.

बाहेर धोंडिबा म्हणाले, "बाई, ऐकलं की. पोरीचं हसं झालं."

"प्रश्न तिचाच बरोबर होता. निदान परीक्षेपर्यंत थांबा."

"त्यो पेपरवाला न्हाई म्हनतो, तुमी व्हय म्हनता. कुनाचं धरू?"

कोणी मेलं का, एवढंच डोक्यात घुमत होतं. धोंडिबा चालू लागले. शेवंता मात्र मागे वळली.

"बाई, साकव गेल्यापासनं पलीकडच्या वाडीची पोरं शाळंत आली न्हाईत. ते त्या पेपरवाल्यांना सांगायचं राह्यलं."