मामाची मांडी

नागपूर, संक्रांतीचा दुसरा दिवस, १९८६

माझ्या गुलाब्या,

तुले वाचता येत नाही, म्हणून तर सगळं तुलेच लिहून राहिली! बाकी कोणाले सांगू नको, असं यांनी बजावलं आहे.

काल रामदासपेठेच्या दवाखान्यात टीव्हीसारख्या पडद्यावर माझं बाळ दिसलं गा! तू सावनेरच्या स्टँडवर एसटीले हात दाखवतो ना, तसाच त्यानं हात हलवला. मी इतकी हसली, का नर्स ओरडली, "हलू नका बाई!"

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय छत्तीस आहे. पोटातलं पाणी सुईनं काढून मुंबईले पाठवलं, तर बाळ मंदबुद्धी आहे का ते समजते. घरात असं कोणी आहे?"

यांनी घाईघाईनं नाही म्हटलं.

मी म्हटलं, "आहे ना! बाळाचा मामा. जावळ त्याच्याच मांडीवर निघणार आहे."

सुई मी लावूच दिली नाही. हे अजून फुगून बसले आहेत.

तू मात्र आतापासून मांडी घालून बसायची सवय कर. त्या दिवशी न्हाव्याच्या हातात वस्तरा राहीन. दारावरून एसटी गेली तरी हात दाखवायचा नाही, समजलं?

तुझी,
शामाताई