प्लास्टिक न काढलेल्या गाद्या

यवत, मंगळवार, १२ जून २००१

अजून डोकं ठिकाणावर नाही. आज आप्पांबरोबर खाजगी नर्सिंग कॉलेज बघायला गेले. फी ऐकून आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पण मी हादरले ते कॉलेजच्या दवाखान्याचा वॉर्ड बघून. वीस खाटा आणि एकही पेशंट नाही. गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही!

तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला विचारलं, इंजेक्शन देताना भीती नाही वाटत? ती म्हणाली, “कसली भीती? रबरी हात असतो. माणसाला अजून दिलंच नाही.”

तिसरं वर्ष! मी तर दर पावसाळ्याआधी आमची सगळी मेंढरं टोचते.

ते प्लास्टिक डोळ्यांसमोरून हलत नाही.

येताना एसटीत आप्पा म्हणाले, “पोरी, तुझं मन असंल तर मेंढरं इकू.”

म्हणजे जिवंत मेंढरं विकायची, आणि रबरी हाताला टोचायला शिकायचं?