न घेतलेली उठाबशी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्याच्याही आधी कितीतरी वर्षं मी तुमच्याशी बोललेच नव्हते. त्यामुळं सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गच्चीवरचे कपडे काढून आणले, तर ते वाळलेलेही नव्हते, परत नेऊन घातले. तर सरळच सांगते. तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच खोलीत आता मी बसते, खेळांचं सगळं मीच बघते. यंदा आपल्या मुलींचा फुटबॉलचा संघ फायनलपर्यंत गेला. आणि तिथवर जायला मी एक वाईट गोष्ट केली.

यंदा कॉलेज सुरू झालं तेव्हा संघात नऊच मुली होत्या. कबड्डीतली एक उंच पोरगी मागून आणली आणि गोलात उभी केली. दोघींना वसतिगृहाच्या पायरीवर बसून पटवलं. अशा बारा झाल्या. त्यांत एक पिशोरची, दुसऱ्या वर्षाला, वडिलांची अद्रकाची शेती. गावात भावांबरोबर खेळून तयार झालेली. चेंडू तिच्या पायाशी आला की बाकीच्या पोरी न सांगता पुढं पळायला लागायच्या, एवढा तिच्यावर भरवसा. पहिली मॅच आम्ही एका गोलनं जिंकलो, दुसरी पेनल्टीवर. इतकी वर्षं माझ्याकडं मान वर करून न बघणारे प्राध्यापक स्टाफरूममध्ये स्कोअर विचारायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

तुमची ती चाचणी मी सोडलेली नाही. प्रत्येक मॅचआधी मुली रांगेत उभ्या करायच्या आणि एकेकीला एका पायावर उठाबशी काढायला लावायची, आधी उजवा, मग डावा. तुम्ही तेव्हा कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाहीत, फक्त गुडघ्याकडं. माझ्या शेवटच्या वर्षी सेमीफायनलच्या दिवशी मी डाव्या पायावर अर्ध्यात गेले आणि मुरमावर बसले. सरावात गुडघा मुरगळला होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तू बस." अकराच होतो आम्ही. दहा जणी खेळल्या आणि तीन गोलनी हरलो. मॅच संपल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्हीच आम्हाला हरवलं. तुम्ही गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवलीत आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागलात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मुकुंदवाडीला आमच्या घरी आलात. दोनच खोल्या, म्हणून आईनं तुम्हाला स्वयंपाकघरातच पाट दिला. मी आतल्या खोलीत दार लोटून बसले आहे. स्टोव्हचा आवाज येतोय, कपात साखर ढवळल्याचा येतोय. आई म्हणते की पोरगी दोन दिवस धड जेवली नाही, खेळू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. तुम्ही म्हणता, "ताई, कप या वर्षीचा आहे. गुडघा तिला म्हातारपणापर्यंत वापरायचाय." जाताना तुम्ही माझ्या दाराजवळ थांबलात. खालच्या फटीतून तुमच्या पायांची बोटं दिसत होती. मी उठले नाही. पुढं रस्त्यात दिसलात की बाजू बदलायचे. आधी राग होता, मग त्याची सवय झाली, आणि शेवटी नुसती लाज उरली. लाजेनं तर अजिबातच बोलता येत नाही. मग एके दिवशी तुम्ही गेल्याचंच कळलं. माझा गुडघा आजही धड आहे, सर. जिना चढताना त्याची आठवणसुद्धा येत नाही.

आता यंदाची सेमीफायनल. आदल्या दिवशी बारातली एक तापानं आडवी झाली, म्हणजे पुन्हा अकराच. मॅचआधी मी कपडे बदलायच्या खोलीत डोकावले तर पिशोरची मुलगी एकटीच होती, बाकावर पाय ठेवून, माझ्याकडं पाठ करून. गुडघा इतका सुजलेला की वाटी दिसत नव्हती. त्यावर ती क्रेप बँडेज गुंडाळत होती, ओढून ओढून, आणि मग वरून स्टॉकिंग चढवलं. मी आवाज न करता मागं फिरले. बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. फार वेळ नाही, बाटलीभर पाणी प्यायला लागतो तेवढाच. तोवर मुली सवयीनं रांगेत येऊन उभ्या राहिल्या होत्या, तीही होती. मी म्हणाले, "उशीर झालाय, चला, आत चला."

उशीर झालेला नव्हता. पंच अजून जाळी बांधून घेत होते.

शेवटच्या दहा मिनिटांत तिनं गोल केला. त्यानंतर थोड्याच वेळात एक उंच चेंडू डोक्यावर घ्यायला ती उडाली, आसपास कुणी नव्हतं, आणि खाली आली ती उठलीच नाही. आम्ही जिंकलो. तीन दिवसांनी फायनल तिच्याशिवाय खेळलो आणि दोन गोलनी हरलो. गेटवर आमच्या फोटोचा फ्लेक्स अजून आहे, ती त्यात मधोमध हसते आहे.

लिगामेंट गेलं होतं, ऑपरेशन झालं. तिचे वडील गावाहून येताना माझ्यासाठी पिशवीभर ओलं अद्रक घेऊन आले, माती तशीच लागलेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला हात जोडले. म्हणाले की पोरीनं तुमच्यापासून लपवलं, मी तिला लई बोललोय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेव्हा सांगता आलं असतं. माणूस समोर उभा होता. मी म्हणाले, "असू द्या, पोरवय आहे."

ते चार शब्द त्यानंतर मला बसू देईनात. शिकवताना खडू हातात राहायचा आणि वाक्य विसरायचं. मैदानावर जायचे आणि पाच मिनिटांत परत यायचे. दोन महिने असे काढले आणि मागच्या रविवारी पिशोरची एसटी धरली. घरात ती खाटेवर पाय लांब करून बसली होती, आई चुलीपाशी, वडील शेतातून नुकतेच आलेले. पाणी घेतलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते. सुजलेला गुडघा मी बघितला होता, चाचणी मुद्दाम घेतली नाही, अकराच होत्या, सगळं सांगितलं.

वडील टॉवेल हातात धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे त्याच दिवशी सांगायला पायजे होतं. मी दोन महिने लेकीला बोल लावतोय." आवाज चढवला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि परत शेताकडं निघून गेले.

मग मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघितलंय हे मला ठाऊक होतं. उठाबशी घेतली नाय, तेव्हाच कळलं मला. लई बरं वाटलं. तुम्ही बसवलं असतं ना, तर मी जन्मात तुमच्याशी बोलले नसते."

मला आधार वाटावा म्हणून ती बोलली असेल. पण तिच्या आईनं चहाचा कप माझ्यासमोर जमिनीवर ठेवला तो हातात न देता, आणि मला तेच बरोबर वाटलं. पुढच्या वर्षी पळता येईल का, ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. चालता नीट येईल म्हणतात. वडील एसटी येईपर्यंत परतले नाहीत. सोमवारी प्राचार्यांना हे सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, बघू. फ्लेक्स मात्र काढायला तयार नाहीत.

तुमच्या घरी आता तुमचा मुलगा राहतो, पत्ता मला ठाऊक आहे. पण त्यानं हे वाचून काय करायचं. वहीतच राहू दे.

एक मात्र पिशोरला सांगितलं नाही आणि प्राचार्यांनाही लिहून दिलं नाही. तिनं तो गोल मारला तेव्हा, डी-च्या बाहेरून, उजव्या पायानं, गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही, तेव्हा तिच्या गुडघ्याचा विचार माझ्या मनात कुठंच नव्हता. मी उडी मारली होती, हातातली बाटली कुठल्या कुठं गेली. आणि सर, एवढं सगळं झाल्यावरही तो गोल आठवला की मला आनंदच होतो.